ऑक्टोबरातलं हिमवादळ जानेवारीतल्यापेक्षा वाईट का?

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात माणसं नऊ लाखांच्या आसपास आणि गुरं त्यांच्या चौपट. ही गुरं बाराही महिने उघड्यावर असतात. जानेवारीत तिथे पारा उणे २५-३० पर्यंत उतरतो, बर्फ साचतो, वारा सुटतो, आणि तरी सकाळी गायी रवंथ करत उभ्या असतात. त्यात कुणाला नवल वाटत नाही.

पण ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात याच राज्याच्या पश्चिम भागात दोन-तीन दिवसांत हजारो गायी मेल्या. नेमक्या किती, यावर एकमत कधीच झालं नाही. अंदाज पंधरा हजारांपासून एक लाखापर्यंत गेले. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) त्या दिवसांत तापमान शून्याच्या आसपासच होतं. म्हणजे त्या गायींच्या नेहमीच्या हिवाळ्याच्या मानाने चक्क उबदार. मग मारलं कशाने?

आधी हिमवादळ कशाला म्हणायचं ते पाहू, कारण आपल्याकडे त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. हिमवादळ म्हणजे खूप बर्फ पडणं आणि खूप थंडी पडणं, असं आपण धरून चालतो. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या व्याख्येत या दोन्ही गोष्टी नाहीत. वारा किंवा वारंवार येणारे झोत ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त हवेत, उडणाऱ्या बर्फामुळे ४०० मीटरच्या पलीकडचं दिसेनासं व्हायला हवं, आणि ही अवस्था निदान ३ तास टिकायला हवी. बस्स. तापमानाची अट नाही, किती बर्फ पडला याचीही नाही. आकाशातून एक कण पडत नसताना, वर निळं आभाळ असताना, आठवड्यापूर्वी पडलेला बर्फ वाऱ्याने उचलला तरी ते हिमवादळच. थोडक्यात, हा सगळा मामला वाऱ्याचा आहे.

आणि वाऱ्याला अडवायला त्या मुलुखात काही नाही. नकाशा काढून बघा. पश्चिमेला रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण उभा आहे. पण उत्तर ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेकडच्या मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा यांच्या मध्ये आडवी अशी एकही डोंगररांग नाही. आपल्याला हिमालय आहे, मध्य आशियातली हवा तो थोपवून धरतो. उत्तर अमेरिकेच्या मैदानांत थंड आणि दमट हवेला समोरासमोर यायला रस्ता मोकळा आहे. रॉकी ओलांडून येणारे वारे पूर्वेच्या उतारावर खाली येतात, तिथे कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि ती भोवतालची हवा ओढायला लागतात. दक्षिणेकडून ओल येते, उत्तरेकडून गारठा.

ऑक्टोबरमध्ये या भांडणाला धार येते. कॅनडाच्या उत्तर भागात तोवर बर्फ पडायला लागलेला असतो, पण आखाताचं पाणी अजून उन्हाळ्याचं कोमट असतं. उबदार हवा जास्त बाष्प धरते, दर अंशाला साधारण ७ टक्के जास्त. त्यामुळे ऑक्टोबरचं वादळ जानेवारीच्या वादळापेक्षा ओलं असतं. जानेवारीतला बर्फ कोरडा, भुरभुरीत, हाताने झटकला की पडणारा. ऑक्टोबरचा बर्फ चिकट आणि जड. एक साधा हिशोब करा. दहा सेंटिमीटर बर्फ वितळून एक सेंटिमीटर पाणी होईल असं धरलं, तर ६० सेंटिमीटर बर्फाचं ६ सेंटिमीटर पाणी होतं. म्हणजे छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६० किलो. ओल्या बर्फाचं वजन याहूनही जास्त भरतं.

२०१३ मध्ये झालं ते असं. आठवड्याच्या सुरुवातीला हवा इतकी छान होती की लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत फिरत होते. गुरुवारी, ३ ऑक्टोबरला, पाऊस सुरू झाला. गार, तिरका, थांबायचं नाव न घेणारा पाऊस. मग त्याचा बर्फ झाला. शुक्रवारी, ४ तारखेला, एकट्या रॅपिड सिटीत सुमारे ४८ सेंटिमीटर बर्फ पडला. ऑक्टोबरातल्या एका दिवसाचा तिथला आधीचा विक्रम १९१९ सालचा होता, आणि तो याच्या जेमतेम निम्मा होता. जवळच्या ब्लॅक हिल्स डोंगरात, लीड नावाच्या सोन्याच्या खाणीच्या जुन्या गावी, बर्फ चार फुटांच्या वर गेला. वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरपर्यंत. त्याच वादळाच्या दक्षिणेकडच्या उबदार बाजूला, नेब्रास्का राज्यातल्या वेन गावात, त्याच शुक्रवारी चक्रीवात येऊन इमारती उडाल्या. एकाच वादळाचा एक हात हिवाळ्यात आणि एक हात उन्हाळ्यात होता, असं म्हणायला हरकत नाही. दूरचित्रवाणीच्या हवामान वाहिनीने या वादळाला ‘ॲटलस’ नाव दिलं आणि तेच रूढ झालं.

आता गायीकडे वळू, कारण खरं उत्तर तिच्या कातडीवर आहे.

गायीला हिवाळ्यासाठी दाट लव येते. ती थंडी वाजायला लागली म्हणून येते असं वाटतं, पण मुख्य इशारा दिवस लहान होत जाण्याचा असतो. म्हणजे लव कॅलेंडरच्या हिशोबाने वाढते, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती अर्धवटही आलेली नसते. पशुविज्ञानात एक मोजमाप वापरतात. अमुक तापमानाच्या खाली गेलं की शरीर ऊब टिकवायला जादा ऊर्जा जाळू लागतं, ते तापमान. दाट, कोरडी हिवाळी लव असलेल्या गायीसाठी ते सुमारे उणे ८ अंश सेल्सिअस असतं. साध्या कोरड्या हिवाळी लवेसाठी शून्य. शरद ऋतूतल्या कोरड्या लवेसाठी ७. आणि उन्हाळी लवेसाठी, किंवा लव कुठलीही असो, पण ती भिजलेली असेल तर, अधिक १५!

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. चिंब भिजलेल्या गायीला १५ अंशांनाच थंडी वाजायला लागते. लव ऊब देते ती केसांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पाऊस ती हवा हुसकून तिथे पाणी भरतो, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. जानेवारीत गायीच्या पाठीवर बर्फाचा थर साचतो आणि तो वितळतही नाही, कारण खालची ऊब बाहेर पडतच नसते. ऑक्टोबरात आधी पाऊस आला, गाय कातडीपर्यंत भिजली, आणि त्यावर वारा सुटला.

हवामानाच्या बातम्यांत ‘जाणवणारं तापमान’ सांगतात, त्याचा इथे काही उपयोग नाही. त्याच्या सूत्रानुसार शून्य अंश तापमान आणि ताशी ६० किलोमीटर वारा म्हणजे जाणवणारं उणे ९. वारा ११० केला तरी ते उणे ११ च होतं. आकडा मुळीच घाबरवणारा नाही. कारण ते सूत्र माणसाच्या उघड्या, पण कोरड्या चेहऱ्यासाठी केलेलं आहे. ओल त्यात धरलेलीच नाही.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला, तेव्हा जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या रातोरात मेल्या. तिथे बर्फ नव्हता, पारा शून्याच्या जवळपासही नव्हता. रात्रभर पाऊस, उघडं रान आणि वारा, एवढ्यानेच काम झालं. साउथ डकोटात घडलं ते याचंच मोठं रूप.

गाय वाऱ्याकडे पाठ करते आणि वारा नेईल तिकडे चालत राहते. माग काढताना दिसलं की काही कळप कित्येक किलोमीटर वाहत गेले होते. साधारणपणे काटेरी तारेचं कुंपण त्यांना अडवतं. पण वाहता बर्फ कुंपणापाशीच साचतो आणि घट्ट होत जातो. बघता बघता वरच्या तारेपर्यंत उतार तयार होतो, आणि त्यावरून चालत गाय पलीकडे जाते. तिला कळतही नाही की आपण कुंपण ओलांडलं. पापण्यांवर बर्फाची ढेकळं, नाकपुड्यांभोवती बर्फाचं कडं, पुढे चालणाऱ्या गायीची शेपटीही दिसत नाही. काही ठिकाणी पहिली गाय घळीत पडली आणि मागची जनावरं एकामागोमाग तिच्यावर.

घळ, ओढे, गुरांसाठी बांधलेली तळी. इथेही महिन्यानेच घात केला. जानेवारीत ती सगळी टणक गोठलेली असतात, गाय त्यावरून चालत जाते. ऑक्टोबरात ती वाहती होती. आधीच्या पावसाने आणखी भरलेली. काही जनावरं बुडून मेली. बाकीची गोठून मेली असं आपण सहज म्हणतो, पण पशुवैद्यांना अनेकींच्या फुफ्फुसांत पाणी आणि निकामी झालेलं हृदय आढळलं. भिजलेलं शरीर तापवत, खोल बर्फातून वारा ढकलेल तिकडे तासन् तास चालणं हे गायीला झेपलं नाही.

त्या वेळी बाहेरच्या लोकांनी एक प्रश्न वारंवार विचारला, आणि मराठी वाचकाच्या मनातही तोच येणार: इशारा होता ना, मग गुरं गोठ्यात का नाही बांधली? कारण तिथे गोठा नसतो. रँच म्हणजे आपल्या वस्तीवरची चार-सहा जनावरं नव्हेत. एकेका कुटुंबाच्या शेकडो गायी असतात, आणि त्या कोरड्या मुलुखात एका गायीला वर्षाच्या चाऱ्यासाठी वीसेक एकर तरी कुरण लागतं. म्हणजे कळप काही मैलांवर पसरलेला. हिवाळ्यासाठी वेगळं कुरण राखलेलं असतं: घराजवळ, घळींच्या आडोशाला, झाडांच्या रांगांमागे. कळप तिकडे हलवतात तो महिन्याभराने. त्याआधी नेला तर हिवाळ्याचं गवत दिवाळीतच संपायचं. ३ ऑक्टोबरला गायी उन्हाळी कुरणात होत्या, जिथे मैलोन् मैल आडोसा नाही, आणि कॅलेंडरप्रमाणे त्या तिथेच असायला हव्या होत्या.

इशारा होता हेही खरं, पण मैदानात प्रत्यक्ष पडलेला बर्फ भाकितापेक्षा कितीतरी जास्त होता. यात हवामान खात्याला झोडपणं सोपं आहे, मला ते पटत नाही. शून्याच्या आसपासचं वादळ सांगायला सगळ्यांत अवघड. तापमान अर्धा-एक अंश इकडे गेलं तर पाऊस, तिकडे गेलं तर दोन फूट बर्फ. जानेवारीत हा प्रश्नच येत नाही, पडेल तो बर्फच. आणि ज्यांनी ते भाकीत केलं ते कर्मचारी त्या आठवड्यात पगाराविना काम करत होते, पण ते पुढे येईल.

झाडांच्या आडोशाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ही मैदानं उजाड झाली, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत शेतांच्या कडेने झाडांच्या रांगा लावायला घेतल्या. १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडं लागली. आजही त्या भागात घराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला झाडांच्या तीन-चार रांगा दिसतात. अशी रांग तिच्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत वारा चांगला मोडते. दहा मीटर उंच झाडं, तर शंभर मीटरचा आडोसा. कळपाला तेवढा पुरतो. फक्त कळप तिथे असायला हवा.

शहरातल्या झाडांनी त्या शुक्रवारी उलटंच केलं. पानं अजून गळलेली नव्हती. नागड्या फांदीवरून बर्फ घसरतो. पानांवर तो बसून राहतो, आणि ओला असला तर फांदी मोडेपर्यंत बसतो. फांद्या तारांवर आल्या, खेड्यांत वीज सहकारी संस्थांचे खांब ओळीने आडवे झाले, हजारो घरांची वीज गेली आणि काही रँचवर ती परत यायला आठवडे लागले. वीज नाही म्हणजे विहिरीचा पंप नाही, म्हणजे वाचलेल्या जनावरांना पाणी नाही.

हंगामाआधीची वादळं डकोटाला नवी नाहीत. १८८० साली १५ ऑक्टोबरला असंच एक आलं आणि तिथून जो हिवाळा सुरू झाला तो एप्रिलपर्यंत हटला नाही. रेल्वे महिनोन् महिने बंद पडली, नव्याने वसलेल्या गावांत कोळसा संपला, लोकांनी वाळक्या गवताचे पीळ जाळून दिवस काढले. ११ नोव्हेंबर १९४० चं वादळ मिनेसोटाच्या बाजूला अजून सांगितलं जातं. सुट्टीचा दिवस, सकाळी ऊब, बदकांच्या शिकारीला पातळ जाकिटात गेलेली माणसं मिसिसिपी नदीच्या बेटांवर अडकली. त्या वादळाने त्या सगळ्या पट्ट्यात १४० हून अधिक बळी घेतले. त्यानंतर भाकितांची चोवीस तासांची व्यवस्था वाढवण्यात आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्थ डकोटाची पाळी आली, तेव्हा सोयाबीन, मका, बटाटा उभा होता. रेड नदीच्या खोऱ्यात साखरेचं बीट काढायची ऐन घाई होती आणि त्याचा मोठा भाग जमिनीतच राहिला. (तिथला सगळ्यांत मोठा बीट साखर उद्योग १९७३ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचा आहे. गाळप हंगाम वाया जाणं म्हणजे काय, ते कोल्हापूर-सांगलीकडच्यांना सांगायला नको.)

२०१३ च्या रँचवाल्यांचं नुकसानही कॅलेंडरमुळेच दुप्पट झालं. ऑक्टोबर हा वासरं आईपासून तोडून बाजारात न्यायचा काळ. वर्षभराची कमाई त्या दिवशी चार पायांवर कुरणात उभी होती. शिवाय बहुतेक गायी गाभण होत्या, म्हणजे पुढच्या वर्षीचंही वासरू गेलं. आणि वर सरकार बंद! खर्चाच्या मंजुरीवरून अमेरिकी संसदेत तिढा पडला होता, १ ते १६ ऑक्टोबर केंद्रीय कार्यालयांना कुलूप होतं. शेतकऱ्याने मेलेल्या गायीची नोंद करायला जायचं ते तालुक्याच्या ठिकाणचं कार्यालयही त्यात आलं. जनावरांच्या नुकसानभरपाईची योजना तर २०११ मध्येच मुदत संपून बंद पडली होती.

मग लोकांनी हाती होतं ते केलं. प्रत्येक मेलेल्या गायीचा फोटो, कानातल्या बिल्ल्याचा आकडा, कातडीवर डागलेली मालकाची खूण, आणि साक्षीला शेजारी. ती खूण बघूनच कळायचं की ही आपली की दहा मैलांवरून वाहत आलेली दुसऱ्याची. बर्फ दोन-चार दिवसांत वितळू लागला, कारण जमीन गोठलेली नव्हती, आणि सगळीकडे चिखल झाला. मेलेली जनावरं पुरायला जिल्हा प्रशासनाने मोठे खड्डे खणून दिले. शेजारच्या राज्यांतल्या रँचवाल्यांनी आपल्या गाभण कालवडी ट्रकमध्ये घालून पाठवल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये नवा शेती कायदा झाला, भरपाईची योजना मागच्या तारखेपासून लागू झाली आणि जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम मिळाली. ज्यांनी चिखलात उभं राहून फोटो काढले होते त्यांना.

अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं माउंट रशमोर आणि बॅडलँड्स बघायला शरद ऋतूत याच भागातून गाडी नेतात, तेव्हा थोडं कामाचं. ऑक्टोबरमध्येही गाडीत रग, फावडं, पाणी, खायला काहीतरी आणि टॉर्च ठेवा, पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. अडकलात तर गाडी सोडून चालायला लागू नका. शंभर पावलांवर घर असलं तरी ते सापडत नाही. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवा, पण त्याआधी उतरून धुराची नळी बर्फातून मोकळी करा, नाहीतर विषारी वायू आत भरतो. उतरताना भिजू नका, भिजलात तर आधी कोरडे कपडे. तिथल्या महामार्गांच्या तोंडाशी रेल्वे फाटकासारखी फाटकं असतात, वादळात ती लावून घेतात. फाटक बंद दिसलं तर गावात परत फिरा आणि रात्र काढा. मोबाइलमधला नकाशा अशा वेळी बाजूचा कच्चा रस्ता सुचवतो. तो घेऊ नका, तिथला बर्फ काढायला कुणी येत नाही.